ऑफिसच्या व्हॉइसमेलचे मेसेज कॉम्प्युटरवरून कसे सांभाळायचे : खान्देशातल्या छोट्या ऑफिसांसाठी

जळगाव एमआयडीसीतली डाळ मिल, धुळ्यातला ठिबकचा डीलर, रावेर-सावद्याकडचा केळीचा व्यापारी. तिन्ही ऑफिसांत एक लँडलाइन असते, तिच्यामागे छोटं पीबीएक्स, म्हणजे एका लाइनवर ऑफिसातले सगळे फोन चालवणारं यंत्र असतं आणि चार-सहा एक्स्टेन्शन, म्हणजे आतले फोन असतात. त्या पीबीएक्समध्ये बहुतेक वेळा व्हॉइसमेलही असतं, म्हणजे फोन उचलला नाही तर बोलणाऱ्याचा मेसेज रेकॉर्ड करून ठेवायची सोय. बसवणारा ते चालू करून जातो आणि पुढे कोणी त्याकडे वळून बघत नाही. जे बघतात ते फोन उचलून *९७ दाबतात, पिन घालतात आणि एकामागून एक मेसेज ऐकत बसतात. मधल्याच एखाद्या मेसेजमध्ये मोबाइल नंबर भरभर सांगितलेला असतो. पेन सापडेपर्यंत पुढचा मेसेज सुरू झालेला असतो.

हेच मेसेज कॉम्प्युटरवर आणले की मागेपुढे करून ऐकता येतात, ही सोय झालीच. पण मोठा फायदा पुढचा आहे. मेसेज फाइल होऊन समोर आला की तो कोणाकडे द्यायचा, कोणी फोन करायचा आणि केला की नाही, हे सगळं डोळ्यांना दिसतं. मेसेज ऐकणं आणि काम होणं यांत बरंच अंतर असतं, आणि गिऱ्हाईक त्या अंतरातच हातचं जातं. खालची सगळी मांडणी ते अंतर मिटवण्यासाठी आहे.

आधी डबा कोणता आहे ते बघा

तुमचं यंत्र तीनपैकी एका जातीचं असेल. पहिली जात जुन्या ॲनालॉग ईपीएबीएक्सची, म्हणजे साध्या टेलिफोनच्या तारांवर चालणाऱ्या पीबीएक्सची. त्यात व्हॉइसमेलचं कार्ड असलं तरी मेल पाठवायची सोय नसेल तर कॉम्प्युटरचा विचार सोडा. पुढच्या वेळी यंत्र बदलाल तेव्हा बघा. दुसरी जात आयपी पीबीएक्सची, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कला जोडलेल्या पीबीएक्सची. यात ॲस्टरिस्क नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर चालणारी यंत्रं पुष्कळ आहेत आणि त्यांचं सगळ्यात परिचित रूप म्हणजे फ्रीपीबीएक्स. तिसरी जात क्लाउड टेलिफोनीची, म्हणजे दरमहा पैसे भरून घेतलेला नंबर. तिथे मेसेज कंपनीच्या डॅशबोर्डवर आयतेच मिळतात, त्यामुळे तुम्हाला या लेखातला मेलचा, नोंदीचा आणि सुरक्षेचा भाग तेवढा लागेल.

पुढची बटणं आणि नावं मी फ्रीपीबीएक्सची देतो. इतर आयपी पीबीएक्समध्ये नावं थोडी इकडेतिकडे होतील, काम तेच.

मेसेज मेलवर आणणं

ब्राउझरमध्ये पीबीएक्सचा आयपी ॲड्रेस टाकून ॲडमिन म्हणून आत जा. एक्स्टेन्शनच्या यादीतून ज्या एक्स्टेन्शनवर फोन वाजतो ते उघडा आणि व्हॉइसमेलच्या टॅबवर या. व्हॉइसमेल चालू करा, पिन टाका, मेलचा पत्ता टाका, आणि अटॅचमेंट पाठवायचं की नाही या प्रश्नाला ‘हो’ करा. त्याच्याजवळच मेल गेल्यावर मेसेज पुसून टाकायचा का, असा एक पर्याय दिसेल. त्याला आत्ता हात लावू नका. त्यावर पुढे वेगळं बोलायचं आहे.

मेलचा पत्ता मालकाचा स्वतःचा देऊ नका. ऑफिसचा एक वेगळा जीमेल उघडा आणि तोच द्या. मालक लग्नाला चोपड्याला गेले म्हणून मेसेज त्यांच्या खिशात अडकून पडायला नकोत.

आता पीबीएक्सला मेल पाठवता यायला हवा. बरीच मंडळी इथे अडकतात. जीमेलमधून पाठवायचा असेल तर त्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करावं लागतं आणि मग ॲप पासवर्ड तयार करावा लागतो. तो १६ अक्षरांचा असतो आणि पीबीएक्समध्ये नेहमीच्या पासवर्डऐवजी तोच टाकायचा. नुसत्या पासवर्डवर चालणारी जुनी पद्धत गूगलने २०२२ च्या मे अखेरीस बंद करायला घेतली. त्यामुळे कोणी जुना व्हिडिओ बघून सेटिंग करत असेल तर तो दिवसभर बसला तरी मेल जाणार नाही. पोर्ट ५८७ ठेवा. २५ नंबरचं पोर्ट इंटरनेटवाले बऱ्याचदा अडवून ठेवतात.

फाइलचा प्रकार निवडताना साधं वेव्ह घ्या. यादीत वेव्ह-४९ नावाचा एक प्रकार असतो. तो जवळजवळ दहापट लहान फाइल करतो, पण बऱ्याच मोबाइलवर वाजत नाही. फिरतीवरच्या माणसाला मेसेज पुढे पाठवला आणि त्याच्या फोनवर उघडलाच नाही, तर वाचवलेल्या जागेचं काय लोणचं घालायचं? साधं वेव्ह मिनिटाला साधारण १ एमबी घेतं. रोज अर्ध्या मिनिटाचे २० मेसेज आले तरी महिन्याला ३०० एमबीच्या आसपास होतात, आणि जीमेल १५ जीबी फुकट देतं. जागेची काळजी तीन-चार वर्षं तरी नको.

चाचणी घ्या. मोबाइलवरून ऑफिसला फोन लावा, कोणी उचलू नका, टूं झालं की दोन वाक्यं बोला. मेल आला की आधी त्यावरची वेळ बघा. सकाळी ९:१० ला केलेला फोन पहाटे ३:४० चा दिसत असेल तर पीबीएक्सचं घड्याळ ग्रीनिच वेळेवर आहे. टाइम झोन भारताचा करा. हे आजच केलं नाही तर पुढे ‘पहाटे कोण फोन करतंय’ याचा शोध सुरू होतो.

नंतर नंबर बघा. लँडलाइनवर कॉलर आयडी चालू नसेल तर प्रत्येक मेसेज ‘अननोन’ म्हणून येईल. एक्सचेंजला अर्ज देऊन ती सोय चालू करून घ्या. ती असूनही नंबर येत नसेल तर पीबीएक्सच्या लँडलाइन पोर्टवर कॉलर आयडीचा प्रकार बदलून बघा. डीटीएमएफ आणि एफएसके असे दोन पर्याय असतात, त्यातला एक लागू पडतो.

माणसाचे तीन सेकंद, टूं-टूंची दोन मिनिटं

ॲनालॉग लँडलाइन असलेल्या ऑफिसात हा प्रकार हटकून दिसतो. गिऱ्हाईक ‘हॅलो… हॅलो’ म्हणून फोन ठेवतं. पीबीएक्सला ते कळतच नाही. लाइनवर बिझी टोन वाजत राहतो आणि यंत्र तो इमानेइतबारे रेकॉर्ड करत बसतं. तेवढा वेळ लाइनही अडकून राहते, म्हणजे दुसऱ्याचा फोन लागत नाही. मे महिन्यात, बागायती कापसाच्या लागवडीच्या तोंडावर, ठिबकवाल्याच्या ऑफिसात हे परवडत नाही.

शांतता झाली की रेकॉर्डिंग थांबवायचं सेटिंग इथे कामाचं नाही, कारण टोन म्हणजे शांतता नव्हे. पीबीएक्सला आपला बिझी टोन ओळखायला शिकवावं लागतं. भारतातला बिझी टोन ४०० हर्ट्झचा असतो, पाऊण सेकंद आवाज आणि पाऊण सेकंद बंद. पोर्टच्या सेटिंगमध्ये देश ‘इंडिया’ निवडला की पुष्कळ यंत्रं हे आकडे स्वतः भरतात. न भरल्यास ४००, ७५०, ७५० असं हाताने टाका (पाऊण सेकंद म्हणजे ७५० मिलिसेकंद) आणि बिझी टोनवरून फोन तोडायचा पर्याय चालू करा. काही यंत्रं परदेशी टोनवर ठेवूनच इथे विकली जातात, त्यामुळे ‘देश’ हा रकाना एकदा डोळ्यांनी बघाच.

जोडीला दोन मर्यादा घाला. मेसेज जास्तीत जास्त दोन मिनिटांचा, आणि तीन सेकंदांपेक्षा लहान असेल तर ठेवायचाच नाही. कचरा बराच कमी होतो.

टूं व्हायच्या आधी काय ऐकू येतं

आपल्याकडे यंत्राशी बोलायची सवय नाही. समोरून इंग्रजीत ‘द पर्सन ॲट एक्स्टेन्शन…’ सुरू झालं की रावेरचा शेतकरी फोन ठेवून देणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून ऑफिसातल्याच माणसाच्या आवाजात, मराठीत, दहा-बारा सेकंदांत संपेल असा निरोप भरा. हा मसुदा चालेल:

‘नमस्कार. आत्ता फोन घेता येत नाहीये. टूं आवाज झाला की आधी गाव सांगा, मग नाव आणि काम. तुम्हाला दुपारपर्यंत आमचा फोन येईल.’

गाव आधी मागायचं, कारण ‘मी पाटील बोलतोय’ या मेसेजचा खान्देशात काही उपयोग नसतो. पाटील, चौधरी, महाजन, कोळी यांतलं एक आडनाव दिवसातून चारदा येतं. ‘फैजपूर, चौधरी, पंपाचं’ म्हटलं की माणूस लगेच लक्षात येतो. आणि ‘दुपारपर्यंत’ हा शब्द जमणार असेल तरच टाका, नाहीतर ‘आज संध्याकाळपर्यंत’ म्हणा.

रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीमध्ये करा. ते फुकट मिळतं. मोनो ठेवा, सॅम्पल रेट ८००० करा आणि वेव्ह, १६ बिट, पीसीएम असं एक्सपोर्ट करा. दुसऱ्या रेटची फाइल चढवली तर काही यंत्रं ती घेत नाहीत, काही घेतात आणि आवाज चिरका किंवा जड करून वाजवतात. पंखा बंद करून रेकॉर्ड करा. एप्रिलमध्ये जळगावात हे सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड. पण दहा सेकंदांचाच प्रश्न आहे.

आखाजी (अक्षय तृतीया), पोळा, दिवाळी अशा सुट्ट्यांसाठी कायमचा निरोप बदलू नका. *९७ दाबून आत गेल्यावर ० आणि मग ४ दाबलं की तात्पुरता निरोप भरता येतो. तो भरला की नेहमीच्या निरोपाऐवजी तोच वाजतो. सुट्टी संपल्यावर तिथेच जाऊन पुसायचा. आखाजीची सुट्टी आषाढापर्यंत वाजत राहिलेली ऑफिसं आहेत, म्हणून पुसायची आठवण निरोप भरतानाच मोबाइलवर लावून ठेवा.

‘बाकी’चं लेबल

आता मुख्य काम. एकाच जीमेलवर तीन माणसं बसली की नेहमीचा घोळ असा होतो: एकाने मेल उघडला, ऐकला, तेवढ्यात ट्रक आला म्हणून तो उठून गेला. मेलवरचा ठळकपणा गेला. दुसऱ्याला वाटलं की त्याने बघितलंय. गिऱ्हाईक वाट बघून दुसऱ्या दुकानात गेलं. वाचलं-न वाचलं या खुणेवर ऑफिस चालवू नका.

त्याऐवजी असं करा. जीमेलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला सेटिंगची खूण असते, ती दाबा. ‘फ्रॉम’मध्ये पीबीएक्स ज्या पत्त्यावरून मेल पाठवतं तो पत्ता टाका, अटॅचमेंट असलेल्यांवर टिक करा आणि फिल्टर तयार करा. फिल्टरला तीन कामं सांगा: ‘बाकी’ नावाचं लेबल लाव, स्पॅममध्ये कधी टाकू नकोस, आणि महत्त्वाचं म्हणून खूण कर. ‘बाकी’ला लाल रंग द्या. ज्याने गिऱ्हाइकाला उलट फोन केला आणि बोलणं झालं, त्यानेच ते लेबल काढायचं. नुसतं ऐकून काढायचं नाही. फोन लावला पण उचलला नाही, तरीही काढायचं नाही.

संध्याकाळी दुकान बंद करताना ‘बाकी’वर क्लिक केलं की दिवसाचा हिशोब समोर येतो. मालकाने रोज एवढं एकच बघितलं तरी पुरे. दहा ॲप घेण्यापेक्षा या एका लाल लेबलाने जास्त कामं मार्गी लागतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोजचे मेसेज पाच-सातच्या वर जात असतील तर जोडीला गूगल शीट ठेवा. रकाने: तारीख-वेळ, नंबर, गाव आणि नाव, काम, कोणाकडे, स्थिती. स्थितीच्या रकान्यात ड्रॉपडाउन लावा आणि त्यात चारच शब्द ठेवा: ऐकला, लागला नाही, बोलणं झालं, मिटलं. मोकळं सोडलं तर एक जण ‘ओके’ लिहितो, एक जण ‘झाले’, एक जण नुसती बरोबरची खूण करतो, आणि मग गाळून बघता येत नाही. नंबरचा रकाना आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करून ठेवा. जळगावचा ०२५७, धुळ्याचा ०२५६२, नंदुरबारचा ०२५६४. शीट त्याला आकडा समजली तर पुढचं शून्य खाऊन टाकते आणि उलट फोन लागत नाही.

जपून ठेवायच्या फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग गाव: ‘२०२५-०५-१२ सावदा केळी भाव’. असं ठेवलं की यादी आपोआप तारखेने लागते. वेळ लिहिताना मध्ये अपूर्णविरामाचं चिन्ह घालू नका, विंडोज ते फाइलच्या नावात घेत नाही. सगळे मेसेज जपायची मुळीच गरज नाही. भाव, ऑर्डर, तक्रार आणि पैशाचा वायदा, एवढेच ठेवा. लोकांचे आवाज आणि नंबर म्हणजे त्यांची खासगी माहिती आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच विषयाचा आहे. एखाद्याच्या रागावलेल्या मेसेजची फाइल गंमत म्हणून ग्रुपवर टाकणं हा प्रकार ऑफिसात चालू देऊ नका.

ऐकताना आणि उतरवून घेताना

व्हीएलसीमध्ये ऐका. शिफ्ट धरून डावा बाण दाबला की तीन सेकंद मागे जातं. नंबर पुन्हा ऐकायला हे फार कामाचं. चौकटी कंसाच्या डाव्या बटणाने वेग कमी होतो, उजव्याने वाढतो. जुनं गिऱ्हाईक ऐसपैस बोलत असेल तर वेग वाढवा, घाईत नंबर सांगणाऱ्याला कमी करा. आणि हेडफोन लावा. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना दुसऱ्याच्या उधारीचा मेसेज स्पीकरवर वाजणं बरं नाही.

आवाजाचं आपोआप लिखाण करून देणारी सॉफ्टवेअरं आता मराठी घेतात. ओपनएआयने २०२२ मध्ये मोकळं केलेलं व्हिस्पर हे तर स्वतःच्या कॉम्प्युटरवर, फाइल बाहेर न पाठवता चालतं. पण आपल्या भागात त्यावर किती विसंबायचं ते आधी ठरवा. असा मेसेज येतो:

‘भाऊ, मी कापडनाथीन बोली ऱ्हायनू. ठिबकनी मेन लाइन फुटी गयी. मानूस धाडा, आजच पानी देनं शे.’

ऑफिसातल्या पोराला हे एका ऐकण्यात कळतं. यंत्राला मात्र अहिराणी शिकवलेली नसते. ते तिला मराठी किंवा हिंदी समजून काहीतरी जवळपासचं ठोकून देतं. टेलिफोनचा आवाजही आधीच बारीक झालेला असतो. वर, मेसेजच्या शेवटी नुसती खरखर असेल तर व्हिस्पर कधीकधी न बोललेली वाक्यंही लिहून टाकतं. तेव्हा या लिखाणाचा उपयोग नंतर शोधण्यापुरता ठेवा. ‘दीड’, ‘अडीच’, ‘तेराशे’ असे आकडे ज्या मेसेजमध्ये आहेत तो कानाने ऐकल्याशिवाय ऑर्डर लिहू नका.

दिवा लालच राहतो, आणि एक दिवस मेलबॉक्स भरतो

मेलवर मेसेज ऐकला म्हणून टेबलावरच्या फोनचा लाल दिवा विझत नाही. पीबीएक्सच्या लेखी तो मेसेज अजून नवाच असतो, कारण तिथे तो कोणी ऐकलेला नाही. पहिले काही दिवस माणसं दिव्याकडे बघतात, मग सवय होते. आत मात्र मेसेज साठत जातात. ॲस्टरिस्कमध्ये एका फोल्डरची मर्यादा न बदलल्यास १०० मेसेजची असते. ती भरली की फोन करणाऱ्याला ‘मेलबॉक्स भरलेला आहे’ असं ऐकू येतं आणि ऑफिसात कोणाला पत्ता नसतो, कारण नवीन मेल यायचे थांबतात, एवढीच काय ती खूण.

यावर दोन रस्ते. पहिला म्हणजे मघाशी बाजूला ठेवलेला, मेल गेल्यावर मेसेज पुसायचा पर्याय. तो चालू केला की दिवाही विझतो आणि मेलबॉक्सही रिकामा राहतो. पण मग मेल हीच एकमेव प्रत उरते. ॲप पासवर्ड रद्द झाला, इंटरनेट बंद पडलं, मेल मध्येच परत आला, तर मेसेज कायमचा गेला. दुसरा रस्ता म्हणजे पुसू द्यायचं नाही; आठवड्यातून एकदा फ्रीपीबीएक्सच्या यूजर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, झालेले मेसेज निवडून एकदम काढायचे. त्याच पॅनेलवर मेसेज ऐकता, उतरवून घेता आणि दुसऱ्या एक्स्टेन्शनकडे ढकलताही येतात.

एकट्या माणसाचं ऑफिस असेल आणि इंटरनेट भरवशाचं असेल तर पहिला रस्ता घ्या. बाकी सगळ्यांनी दुसरा. शनिवारी कॅश जुळवली की पॅनेल साफ, असा नेम लावून टाका.

वीज जाते तेव्हाचं एक बघून ठेवा. पीबीएक्सला यूपीएस असतो. फायबरचा डबा आणि राउटर मात्र तसेच भिंतीवर लटकलेले असतात. तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या, नाहीतर मेसेज रेकॉर्ड होईल आणि मेल अडकून बसेल.

चोरापासून

पिन १२३४, ०००० किंवा एक्स्टेन्शनचाच नंबर ठेवू नका. कमकुवत पिनच्या मेलबॉक्समधून आत शिरून परदेशी फोन लावायचे, हा टेलिफोनमधला जुना धंदा आहे आणि बिल तुमच्या नावाने येतं. पिन बदलायला *९७, मग ०, मग ५. व्हॉइसमेलमधून बाहेर फोन लावायची सोय लागत नसेल तर बंदच ठेवा. पीबीएक्सचं पॅनेल घरून बघायला मिळावं म्हणून राउटरवर पोर्ट उघडून देणारे महाभाग भेटतात. तसं करू देऊ नका, व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा बंदिस्त रस्ता, लावून घ्या.

मेलमधून येणारी फसवणूक वेगळी. ‘तुमच्यासाठी नवीन व्हॉइस मेसेज’ अशा नावाने खोटे मेल येतात आणि सोबतची फाइल उघडली की जीमेलचा पासवर्ड मागतात. आपल्या पीबीएक्सची फाइल वेव्ह किंवा एमपी३ असते. नावाच्या शेवटी एचटीएम, एचटीएमएल किंवा झिप दिसलं, तर तो मेसेज नाही. मेल तिथेच उडवा. खरा मेल फिल्टरमधून येऊन ‘बाकी’च्या लाल लेबलासह पडतो, त्यामुळे लेबल नसलेल्या ‘व्हॉइस मेसेज’कडे संशयानेच बघा.

ऑफिसचा मोबाइल न उचलल्यास लँडलाइनवर वळवून तेही मेसेज इथेच गोळा करता येतात. हे फोनच्या कॉल सेटिंगमधून, ‘उत्तर न दिल्यास’ या पर्यायाने करा. कोणी फोन करून *४०१ ने सुरू होणारा कोड डायल करायला सांगत असेल तर तो तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घेतोय. दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून कोड दाबून होणारं कॉल फॉरवर्डिंग थांबवायला लावलं ते याच फसवणुकीमुळे.

ऑफिसातला माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी चार गोष्टी करा: त्याच्या एक्स्टेन्शनचा पिन बदला, तिथला मेलचा पत्ता बदला, जीमेलमधून त्याचा मोबाइल आणि कॉम्प्युटर साइन आउट करा, आणि त्याच्या आवाजातला निरोप असेल तर नवा भरून घ्या. त्याच्या नावावर ‘बाकी’ राहिलेले मेसेज शीटमध्ये दुसऱ्याच्या रकान्यात टाका आणि त्या गिऱ्हाइकांना आधी फोन लावा.